बदामाच्या टरफलांचं मंजन

डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या डबीचं झाकण उघडलं, डबी नाकाजवळ नेली आणि लगेच हात लांब केला. एवढंच झालं. प्रेमिलाला वाटलं, ह्या वेळी कापूर जरा जास्त पडला असेल. टेबलावर तिच्या कापडी पिशवीतलं बाकी सगळं मांडलेलं होतं, कारण मागच्या खेपेला डॉक्टर दीक्षांनीच सांगितलं होतं, आई, ओठांना दिवसभरात जे जे लागतं ते सगळं घेऊन या, काही सोडू नका. तिनं काही सोडलं नव्हतं. साजूक तुपाची वाटी, बिटाच्या रसाची बाटली, सुनेनं, नूपुरनं, आणून दिलेली गुलाबी मलमाची कांडी, साय-हळद कालवलेली डबी, इतकंच काय, तीर्थ घ्यायची चांदीची पळीसुद्धा ती फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती आणि ती बाहेर काढताना मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली होती. डॉक्टरांनी पळीला हात लावला नाही. कांडीवरची बारीक अक्षरं वाचली, बिटाच्या बाटलीकडे बघून हसल्या, म्हणाल्या, हा नुसता रंग आहे, धुतला की गेला. मग ही डबी. कापसाच्या काडीनं चिमूटभर काळी पूड त्यांनी पांढऱ्या कागदावर काढली, बोटानं पसरली, पुन्हा वास घेतला.

"आई, हे कशाचं आहे?"

"मंजन आहे. बदामाच्या टरफलांचं. आमचे हे आणतात, भिवापूरकडचे एक वैद्य आहेत त्यांच्याकडून."

"किती वर्षं लावता?"

"चार झाली. सकाळ-संध्याकाळ. दाढेशी थोडा वेळ धरून ठेवायचं, असं वैद्यांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी डबीचं झाकण लावलं. पोरगी तिशीची असेल, प्रेमिलाच्या मुलाहून लहान. मग खुर्ची जरा पुढे ओढून, आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "आई, ही मिसरी आहे. भाजलेला तंबाखू. लवंग-कापूर घालून वास दाबलाय, पण आहे तंबाखूच. तुमचे ओठ ह्यानेच काळे पडलेत."

प्रेमिला हसली. खरंच हसली, कारण डॉक्टरांची चूक इतकी उघड होती, की तिला त्या पोरीचीच दया आली. मागच्या खेपेला हीच विचारत होती, विडी, खर्रा, गुडाखू, काही? आणि प्रेमिला तेव्हा आवाज न चढवता म्हणाली होती, आमच्या घरात तंबाखूच्या हाताचं पाणीही चालत नाही. ते वाक्य ती चाळीस वर्षं म्हणत आली होती. तिच्या बापाचं, शालिकरामचं, हातमागावर बसलेलं रूप ते वाक्य म्हणताना दरवेळी डोळ्यांपुढे यायचं. पाय खड्ड्यात, हातात धोटा, डाव्या गालात तंबाखूची गोळी, आणि मागाच्या ठकठकीतही तिला ऐकू जाणारी त्याची पिचकारी. त्याच गालाला पुढे भोक पडलं. पाणी पाजलं की बाहेर यायचं. तेराव्याच्या दिवशी, एकोणीस वर्षांच्या प्रेमिलानं रिकाम्या मागावर हात ठेवून रामाची आण घेतली, की ही वस्तू माझ्या तोंडाला लागणार नाही आणि लागलेल्या हाताचं मी काही खाणार नाही. सगळ्या गोळीबार चौकाला ती आण ठाऊक होती. लग्नाच्या बोलणीत तिच्या काकानं ती मनोहररावांच्या घरच्यांना आधी सांगितली होती आणि मनोहरराव स्वतः म्हणाले होते, मी आजपासून पान खाणं सोडतो. आणि सोडलं होतं. म्हणून तर ती हसली. पण डॉक्टर विचारत होत्या, एखाद्या सकाळी लावायचं राहिलं तर डोकं दुखतं का? चिडचिड होते? हातांना थरथर? पोट अडतं? आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर तिचं हसू थोडं थोडं खाली उतरत गेलं, कारण प्रत्येकाचं उत्तर हो होतं, आणि त्या प्रत्येक 'हो'ला तिच्याजवळ आधीपासून एक वेगळं कारण तयार होतं.

त्या बरंच काही बोलल्या. हे आजपासून बंद. ओठ जिभेनं ओले करायचे नाहीत, लिंबू-हळद चोळायची नाही, साधं पांढरं व्हॅसलीन लावायचं, उन्हात निघाल्यावर पदर नाही, छत्री. रंग उतरायला सहा महिने, वर्षही लागेल, अगदी पहिल्यासारखे होतील असं मी सांगत नाही. पण तोंड आतून एकदा तपासून घ्या, गालाच्या आतली कातडी. पहिले दोन-तीन आठवडे जड जातील, आई. झोप लागणार नाही, रडू येईल, राग येईल. तो तुमचा स्वभाव नाही, तंबाखू सुटतोय म्हणून होतंय, असं समजा. प्रेमिला मान हलवत होती. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. कोराडी.

शंकरनगरहून मेट्रोत बसली तरी तीच. गाडीत थंड होतं, शनिवार दुपारची गर्दी नव्हती, समोरच्या काचेत तिचं तोंड दिसत होतं आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात ते दोघं कोराडीच्या देवीला मुक्कामाला गेले होते आणि डबी घरी राहिली होती. सकाळी स्नान करून ती जपाला बसली तर माळ हातात टिकेना. शेजारी कुणाचं पोर रडत होतं, त्या पोराला उचलून बाहेर फेकावं असा राग तिच्या मनात आला आणि ती घाबरून गेली. देवी रुसली, आपल्या हातून काहीतरी चुकलं, असं म्हणत ती कपाळ टेकून बसली होती. मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, स्कूटर काढली आणि तशा उन्हात घरी जाऊन डबी घेऊन आले. "तुले मंजनाशिवाय चैन नाही पडत, मले माहीत नाही का," असं म्हणाले. तिनं मंजन लावलं, चूळ भरली, आणि थोड्या वेळात सगळं निवळलं. त्या संध्याकाळी देवीचा मुखवटा तिला हसल्यासारखा वाटला. नवऱ्याच्या प्रेमाची ती गोष्ट तिनं भजनी मंडळात किती वेळा सांगितली असेल! बाया ऐकून एकमेकींकडे पाहायच्या. तिला वाटायचं, हेवा करतात.

सगळं सुरू झालं ते भूपेश गेला त्या उन्हाळ्यात. भूपेश तिचा धाकटा भाऊ, तिच्याच कडेवर वाढलेला. कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये आधी ती पडली, मग तो. ती उठली. तिला वास येईनासा झाला, तो पुढे अर्धाच परत आला, अजूनही उदबत्ती लावली की धूर दिसतो म्हणून लागली म्हणायचं. भूपेशला दवाखान्यात बिछाना मिळेपर्यंत दोन दिवस गेले. शेवटचा फोन त्यानं केला तेव्हा तिला जपाची माळ पुरी करायची होती, सात मणी राहिले होते, म्हणून तिनं उचलला नाही. नंतर लावला तर लागला नाही. तोंडही दाखवलं नाही कुणी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं. त्यानंतर तिच्यानं माळ हातात धरवेना. सात मणी राहिले, सात मणी राहिले, एवढंच डोक्यात. रात्र रात्र ती पाय घासायची, त्यात दाढ ठणकायला लागली, आणि एका सकाळी मनोहररावांनी ही डबी तिच्या हातावर ठेवली. पाच-सहा दिवसांत तिला बसवेल असं झालं. पंधरा दिवसांत जप सुरू झाला. आणि मग ते आलं, ज्याला तिनं कधी कुणाजवळ नाव दिलं नाही. पहाटे मंजन, स्नान, मग आसनावर बसली की तिसऱ्या-चौथ्या मण्याला छातीतली गाठ सैल व्हायची, हातपाय हलके व्हायचे, आणि भूपेशचं तोंड आठवलं तरी ते दुखायचं नाही, लांबून दिसायचं, उजेडात उभं राहिल्यासारखं. तिला कळलं होतं, की तो रामाच्या पायाशी पोचला. नाहीतर मनाला इतकी शांती कशी मिळाली असती? त्या शांतीच्या भरवशावर तिनं एकवेळ जेवणाचा नेम घेतला, अकराच्या एकवीस माळा केल्या, मंडळात बोलताना तिचा आवाज आणखी मऊ झाला. आणि त्याच भरवशावर तिनं कौसल्येला नैवेद्याच्या कामातून काढलं. कौसल्या मंडळातली सगळ्यांत खड्या गळ्याची बाई, पण दातांना तंबाखूचा गुडाखू लावायची, ओठ काळेभोर. प्रेमिलानं चार बायांसमोर, अगदी हळू, हात जोडून म्हटलं होतं, कौसल्या, राग मानू नको, पण देवाच्या पानाला तंबाखूचा हात नको.

अग्रसेन चौकाला उतरून ती घरी चालत गेली. छत्री नव्हती, डोक्यावर पदर होता, तोही तिनं काढला. दार उघडंच होतं. मनोहरराव कूलरसमोर पाटावर बसून बीट किसत होते, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

"आली का वं? काय म्हणे डॉक्टर? पाय, बीट कसं ताजं भेटलं आज, इतवारीतून आणलं."

तिनं डबी त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली आणि समोर बसली. त्यांनी डबीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही, आणि किसणी खाली ठेवली. त्या किसणी ठेवण्यातच तिला उत्तर मिळालं. वाटेत तिनं नाही म्हटलं तरी एक जागा राखून ठेवली होती, की वैद्यानंच फसवलं असेल, ह्यांना तरी काय ठाऊक.

"वैद्य आहे का कोणी भिवापूरले?"

"नाही."

"कुठून आणता मंग?"

"इतवारीतूनच. घरी आणून लवंग-कापूर मी टाकतो." मग एकदम, कुणीतरी धक्का दिल्यासारखे ते बोलायला लागले, "तू पाय घासून राहिली होती वं रात्रभर. मले पाहवत नव्हतं. माह्या माईले मी पाह्यलं होतं, बाबा गेले तवा. तिनं मिसरी धरली अन् तिचं मन थाऱ्यावर आलं. तुले सांगून तू हात लावला असता का? म्हटलं पंधरा दिवस देतो, औषधासारखं, मंग सोडवतो हळूहळू."

"मंग काहून नाही सोडवलं?"

"तू हसून राहिली होती नं."

कूलरचं पाणी टपटपत होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला ते सहन होत नव्हतं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला बाई चार शब्द बोलू शकते. ह्याला काय बोलायचं? ह्यानं तिचं दुःख पाहिलं, त्याचं माप घेतलं आणि तिला न विचारता त्यावर झाकण बसवून टाकलं. महिन्याच्या महिन्याला डबी भरली. तिची आण ह्याच्या तळहातावर होती आणि तो रोज सकाळी ती मोडून तिच्याच बोटावर ठेवत होता.

"माह्या ओठांचं तुम्हाले कवा दिसलं?"

त्यांनी किसलेलं बीट बाजूला सरकवलं.

"बोला ना. नूपुरले तर आता दिवाळीत दिसलं. तुम्हाले कवा?"

"दोन वर्षं झाले असतील."

"दोन वर्षं?" तिचा आवाज अजूनही चढला नाही. "म्हणजे तुम्ही आरसा धरत होते मी साय लावत होती तवा. तुम्हीच म्हणे, उन्हानं झालं असंल. अन् हे बीट? बीट कोणाले किसून राहिले तुम्ही?"

मनोहररावांनी लाल हात मांडीवर पुसले. धोतर खराब झालं, तेही त्यांना कळलं नाही. "काही तरी करावं वाटे वं," असं काहीतरी ते पुटपुटले. ती उठली, डबी मोरीत पालथी केली, वरून दोन तांबे पाणी ओतलं. काळं पाणी जाळीशी थोडं थांबलं आणि गेलं.

दुसरे दिवशी रामनवमी होती आणि मंडळाचा नैवेद्य तिच्याकडे. सुंठ आणून ठेवलेली, खोबरं किसायचं होतं. दिवेलागणीला तिनं कौसल्येला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"अगं बाप्पा!" कौसल्या खड्या आवाजात म्हणाली. "मोठ्या घरचा फोन! आमचं नाव कसं काय आठवलं वं?"

"उद्याचा नैवेद्य तू कर, कौसल्या."

"मी? अन् माह्या गुडाखूच्या हाताचं काय? देवाले ठसका लागला तर?"

"मी पण तेच लावत होती. चार वर्षं. मंजनात होता. मले ठाऊक नव्हतं, आज डॉक्टरनं सांगितलं."

 कौसल्या हसली, मोठ्यानं, आणि मधेच थांबली. "ठाऊक नव्हतं? खरंच सांगतं का वं?"

"रामाची आण."

"काय बाई तरी! अवं, आम्हाले सगळ्या मंडळाले ठाऊक होतं. तू आरतीले बाजूले उभी राहे तर भपकारा ये तुह्या तोंडाचा. आम्ही म्हणो, पाय कशी, स्वतः चोरून लावते अन् मले हाकलते."

"मंग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"कसं सांगाव?" कौसल्येचा आवाज जरा खाली आला. "अन् खरं सांगू का? तुह्या मागं हसाची मजा गेली असती." मग तिनंच विचारलं, "सुंठवडा किती जणांचा करू?"

"शंभर धर."

फोन ठेवल्यावर प्रेमिला बराच वेळ ओट्याला टेकून उभी होती. मंडळातल्या बाया, तिची कोराडीची गोष्ट, बायांचं ते एकमेकींकडे पाहणं. कुणाच्याच डोळ्यांत ती नव्हती. ज्या बाईला सगळे ओळखत होते ती दुसरीच कुणी होती, आणि जिला ती स्वतः ओळखत होती तीही नव्हती. रात्री जेवण झालं नाही. मनोहररावांनी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

पहाटे ती नेहमीच्या वेळेला उठली. नुसत्या पाण्यानं चुळा भरल्या. स्नान केलं, दिवा लावला, आसनावर बसली. डोकं दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं ठणकत होतं. पहिला मणी, दुसरा मणी. तिसऱ्या-चौथ्याला काहीच सैल झालं नाही. गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करत होतं, सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारत होतं, आणि प्रत्येक किकेला तिला वाटत होतं जाऊन ती गाडी ढकलून द्यावी. हा तुमचा स्वभाव नाही, डॉक्टर म्हणाल्या होत्या. मग तो कुठला होता, चार वर्षांतला, तो कुणाचा होता? तिनं रामाच्या तसबिरीकडे पाहिलं. देवानं तिला फसवलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण तो आला होता असं ज्या ज्या वेळी तिला वाटलं, त्या प्रत्येक वेळी तो होता की नव्हता, हे आता कोण सांगणार? माळ नवव्या मण्याशी थांबली, आणि तेव्हा भूपेश आला. लांबून नाही, उजेडात नाही. जवळ. श्वास लागलेला, केस कपाळाला चिकटलेले, हातात फोन धरून. आक्का फोन उचल, आक्का फोन उचल. चार वर्षं तो तसाच दाराबाहेर उभा होता आणि आतून कुणी कडी काढलीच नव्हती.

प्रेमिलाच्या तोंडून आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. जन्मात ती इतक्या मोठ्यानं बोललीसुद्धा नव्हती. भूपेशच्या नावानं ती रडायला लागली तशी गल्लीतली किक थांबली, समोरच्या घरातला दिवा लागला. मनोहरराव आतल्या खोलीतून धावत आले. त्यांच्या मुठीत कागदाची पुडी होती, कुठंतरी ठेवलेली, उरलेली.

"घे वं," ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि पुडी तळहातावर उघडली. "एवढीशी घे फक्त. आजच्या दिवस. उद्यापासून सोड, मी सोडवतो तुले, घे. मले पाहवत नाही."

पुडीकडे पाहताच तिच्या तोंडाला पाणी सुटलं. दाढेशी, जिभेखाली, सरसरून सुटलं, तिला विचारल्याशिवाय. ती क्षणभर त्या तळहाताकडे पाहत राहिली. मग तिनं ते पाणी गिळलं, आसन ओढून त्यांच्यापासून हातभर लांब सरकवलं आणि म्हणाली,

"नाही पाहवत तर बाहेर जाऊन बसा. मले माह्या भावासाठी रडू द्या."

आणि दार उघडं असताना, गल्ली ऐकत असताना, रामनवमीच्या पहाटे ती पुन्हा रडायला लागली.